ठिणग्या निवडण्याचे काम

बायबलच्या पहिल्याच पानावर एक अडचण आहे आणि लक्षपूर्वक वाचणाऱ्या कोणालाही ती सापडते. ईश्वर पहिल्या दिवशी 'प्रकाश होवो' म्हणतो आणि प्रकाश होतो. सूर्य, चंद्र आणि तारे मात्र चौथ्या दिवशी निर्माण होतात. मग पहिले तीन दिवस जो उजेड होता तो कशाचा, आणि सूर्य उगवल्यावर तो गेला कुठे? तालमूद या ज्यू धर्मग्रंथातील हगीगा नावाच्या प्रकरणात याचे उत्तर दिले आहे. तो पहिला प्रकाश असा होता की त्यात आदामाला जगाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे सगळे दिसत असे. परंतु जलप्रलयाच्या काळातील आणि बाबेलचा बुरूज बांधणाऱ्या पिढीतील माणसे कशी वागणार आहेत हे ईश्वराने आधीच पाहिले, आणि असा उजेड त्यांच्या हाती देण्याजोगा नाही म्हणून पुढे येणाऱ्या सज्जनांसाठी तो लपवून ठेवला. हिब्रू भाषेत त्याला 'ओर हागानूझ', म्हणजे दडवलेला प्रकाश, असे म्हणतात.

लपवला म्हणजे कुठे ठेवला, याविषयी नंतरच्या भाष्यकारांनी ९७ व्या स्तोत्रातील एका ओळीकडे बोट दाखवले आहे. 'सज्जनांसाठी प्रकाश पेरलेला आहे' असे ती ओळ सांगते. पेरलेला हा शब्द महत्त्वाचा आहे. पेरलेले धान्य कणगीतल्या धान्यासारखे डोळ्यांना दिसत नाही; ते मातीखाली असते, आणि वरून पाहणाऱ्याला शेत रिकामेच वाटते. प्रकाश म्हटला की दिवा लागला आणि अंधार पळाला, असे सरळ चित्र आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात उभे राहते. कब्बाला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ज्यू गूढपरंपरेतील प्रकाश मात्र असा वागत नाही. तो अंधाराला हाकलत नाही, कारण तो अंधाराच्याच पोटात पडलेला आहे, आणि तेथून तो कोणीतरी वेचून काढावा लागतो. या परंपरेतील आशेचे स्वरूप समजून घ्यायचे असेल तर हा फरक आधी ध्यानात धरला पाहिजे.

कब्बालाचे पंडित अक्षरांच्या संख्यामूल्यांवर फार भर देतात, कारण हिब्रूमध्ये प्रत्येक अक्षर हा एक अंकही असतो. 'ओर' म्हणजे प्रकाश, 'राझ' म्हणजे रहस्य आणि 'एन सोफ' म्हणजे ज्याला अंत नाही तो. या तिन्हींची बेरीज २०७ भरते. आजच्या वाचकाला हा शब्दखेळ वाटेल आणि तसे वाटण्यात काही चूक नाही. परंतु सृष्टीच शब्दांनी निर्माण झाली असे मानणाऱ्यांच्या दृष्टीने अक्षरांतील साम्य योगायोगाने येत नाही. प्रकाश, रहस्य आणि अनंत ही एकाच गोष्टीची तीन नावे असली पाहिजेत, असा निष्कर्ष ते त्यातून काढतात.

या परंपरेचा मुख्य ग्रंथ 'झोहर'. दानिएलच्या पुस्तकात 'जे ज्ञानी आहेत ते आकाशाच्या तेजासारखे झळकतील' असे वचन आहे, आणि त्यातील तेज या अर्थाचा शब्द म्हणजेच झोहर. श्रद्धावंत हा ग्रंथ दुसऱ्या शतकातील रब्बी (ज्यू धर्मगुरू) शिमोन बार योखाई यांचा मानतात. अभ्यासक मात्र तो तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधील कास्तील प्रांतात, १३०५ मध्ये वारलेले मोशे दे लेओन आणि त्यांच्या भोवतीच्या मंडळींकडून, मुद्दाम प्राचीन वाटेल अशा आरामाइक भाषेत लिहिला गेला असे मानतात. सृष्टीच्या आरंभाचे वर्णन करताना झोहर म्हणतो की अनंताच्या गूढातून सर्वप्रथम एक ठिणगी निघाली, आणि ती पांढरी नव्हती, काळी नव्हती, तांबडी नव्हती, हिरवी नव्हती, तिला कोणताच रंग नव्हता. ग्रंथाने तिला दिलेले नाव इतके अवघड आहे की अनुवादक तिला 'अंधाराची ठिणगी' म्हणतात, किंवा 'कठीण दिवा' असेही म्हणतात. ज्याच्यातून पुढे सगळा उजेड येणार आहे ते मूळ स्वतः दिसत नाही, हे सांगण्याची ही एक पद्धत आहे.

झोहर आणि त्याच्या आसपासचे ग्रंथ ईश्वराच्या दोन बाजू मानतात. एक बाजू एन सोफ, जिच्याबद्दल काहीही बोलता येत नाही. दुसरी बाजू दहा सफिरोत, म्हणजे ज्यांतून त्या अनंताचे तेज टप्प्याटप्प्याने खाली उतरते ती दहा रूपे. मुकुट, प्रज्ञा आणि आकलन ही वरची तीन, मग करुणा, न्यायाची कठोरता, सौंदर्य अशी उतरत उतरत दहावी सफीरा म्हणजे राज्य. तिलाच शेखिना, म्हणजे माणसांमध्ये वास करणारे ईश्वराचे स्त्रीरूप, असेही म्हणतात. लोक परागंदा होतात तेव्हा शेखिनाही त्यांच्यासोबत परागंदा होते, ही कल्पना पुढच्या सगळ्या कथेत महत्त्वाची आहे. दहांपैकी बाकीच्यांचा तपशील येथे आवश्यक नाही.

१४९२ मध्ये स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना बाप्तिस्मा घेण्याचा किंवा देश सोडण्याचा हुकूम दिला, आणि पाच वर्षांनी पोर्तुगालमध्ये सक्तीने धर्मांतरे झाली. देशोधडीला लागलेल्या लोकांपैकी अनेकजण ऑटोमन साम्राज्यात गेले, आणि त्यांतील काही आजच्या उत्तर इस्राएलमधील गालीलच्या डोंगरावर, सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या साफेद या गावात पोहोचले. तेथे लोकरीच्या कापडाचा धंदा चांगला चालत होता, आणि शिमोन बार योखाई यांची समाधी असलेले मेरोन जवळच होते. सोळाव्या शतकाच्या मध्यास या एका लहान गावात इतके विद्वान एकत्र आले होते की नवल वाटते. ज्यू आचारधर्माची आजही प्रमाण मानली जाणारी संहिता रचणारे योसेफ कारो तेथे राहत होते. शुक्रवारी संध्याकाळी सब्बाथच्या, म्हणजे शनिवारी रात्रीपर्यंत चालणाऱ्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाच्या, स्वागताला जगभर गायले जाणारे गीत रचणारे श्लोमो अल्काबेत्स तेथेच होते. आणि झोहरच्या विखुरलेल्या विचारांना शिस्तीत बसवणारे मोशे कोर्दोवेरोही तेथेच शिकवत होते.

१५७० मध्ये इसहाक लुरिया नावाचा छत्तीस वर्षांचा माणूस इजिप्तहून तेथे आला. त्याचा जन्म जेरुसलेममधला. वडील लहानपणीच वारल्यामुळे तो इजिप्तमध्ये श्रीमंत मामाकडे वाढला, आणि नाईल नदीतील एका बेटावर एकांतात त्याने झोहरचा अभ्यास केला असे सांगतात. साफेदमध्ये त्याला जेमतेम दोन वर्षे मिळाली, कारण १५७२ च्या उन्हाळ्यात तो साथीच्या रोगाने वारला. सब्बाथची काही गीते आणि थोडे भाष्य एवढे सोडले तर त्याने जवळजवळ काहीच लिहून ठेवले नाही. आज आपण जे वाचतो ते मुख्यतः हाय्यिम विताल या त्याच्या शिष्याने पुढची अनेक वर्षे नोंदवलेले, पुनःपुन्हा मांडलेले आणि काही काळ कडेकोट जपून ठेवलेले टिपण आहे. त्यामुळे पुढे जी कथा सांगतो तिच्या अनेक आवृत्त्या आहेत आणि त्या एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. मी त्यांतील मुख्य धागा तेवढा घेतला आहे.

आरंभी केवळ अनंताचा प्रकाश होता आणि तो सर्वत्र भरलेला होता. जेथे एकच गोष्ट सर्वत्र भरून आहे तेथे दुसरे काही असायला जागाच नसते. म्हणून ईश्वराने पहिली गोष्ट केली ती म्हणजे स्वतःला आवरून घेतले. याला 'त्सिमत्सुम' म्हणजे आकुंचन म्हणतात. सृष्टीचा पहिला क्षण देण्याचा नसून मागे सरण्याचा आहे, ही कल्पना लुरियाच्या आधीही तुरळक आढळते, पण तिला इतके मध्यवर्ती स्थान त्यानेच दिले. रिकाम्या झालेल्या त्या पोकळीत प्रकाशाचा थोडा अवशेष राहिला, जसा बुधलीतले तेल ओतून टाकल्यावरही आतल्या बाजूला तेलाचा ओशटपणा राहतो तसा. मग त्या पोकळीत प्रकाशाची एक बारीक रेघ सोडण्यात आली, आणि तो प्रकाश धरून ठेवण्यासाठी पात्रे तयार झाली. ही पात्रेसुद्धा प्रकाशाचीच होती, फक्त अधिक घट्ट, अधिक जाड अशा प्रकाशाची.

येथे घात झाला. वरच्या तीन सफिरोतच्या पात्रांनी प्रकाश पेलला. त्याखालच्या सहा पात्रांना मात्र तो पेलवला नाही आणि ती फुटली, आणि सर्वांत खालच्या दहाव्या पात्राला तडा गेला. बराचसा प्रकाश आपल्या मुळाकडे परत गेला. परंतु फुटलेल्या खापऱ्यांना चिकटून ठिणग्या खाली पडल्या, आणि खापऱ्यांचे झाले ते 'क्लिपोत'. हिब्रूमध्ये फळाच्या सालीला आणि बदामाच्या टरफलालाही हाच शब्द आहे. मराठीत करवंटी म्हटले तर आकृती अधिक स्पष्ट होते: बाहेरून कठीण, आतल्या खोबऱ्याला घट्ट धरून बसलेली. दुष्टता, अन्याय, जडपणा, या जगात जे जे कठोर आहे ते सगळे या करवंट्यांच्या बाजूचे. पण करवंटीला स्वतःचा जीव नाही. तिच्यात अडकलेल्या ठिणगीच्या जोरावरच ती तग धरते. ठिणगी काढून घेतली की तिचे अस्तित्वच संपते. म्हणजे जे वाईट आहे तेसुद्धा उसन्या उजेडावर जगते, आणि म्हणूनच त्याच्याशी झगडायचे तर त्याला नुसते फोडून चालत नाही, त्यात अडकलेले चांगले आधी हाती लागावे लागते.

या ठिणग्या किती, याचाही आकडा आहे: २८८. तो कुठून आला हे पाहण्यासारखे आहे. 'उत्पत्ती' या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्याच वाक्यात 'ईश्वराचा आत्मा पाण्यावर तरंगत होता' असे म्हटले आहे, आणि तेथील क्रियापद 'मेराखेफेत' असे आहे. त्याची पहिली व शेवटची अक्षरे जोडली तर 'मेत' म्हणजे मृत हा शब्द होतो, आणि मधल्या तीन अक्षरांची बेरीज २०० अधिक ८ अधिक ८०, म्हणजे २८८ होते. जे मेले, त्याच्या आत २८८ ठिणग्या जिवंत आहेत, असे लुरियाच्या शिष्यांनी त्या एका शब्दात वाचले. आकडा खरा की खोटा हा प्रश्न येथे गैरलागू आहे. मला त्यात लक्षणीय वाटते ते त्या शब्दाचे ठिकाण. 'प्रकाश होवो' हे वाक्य त्यानंतर येते. म्हणजे या वाचनाप्रमाणे फुटणे आधीचे आहे आणि बायबलातील पहिला उजेड नंतरचा. आपल्याला ठाऊक असलेले जग सुरू झाले तेव्हाच ते दुरुस्तीच्या अवस्थेत होते.

या गोष्टीत अपघात माणसाच्या आधी घडतो. आदामाने फळ खाण्याआधी, कोणी काही पाप करण्याआधी, खुद्द सृष्टीच्या रचनेतच काहीतरी मोडलेले आहे. हे मोडणे ईश्वराच्या हातून झालेली चूक होती की योजनेचाच भाग होता, यावर शिष्यांमध्ये एकमत नाही. काहींनी बियाण्याचा दाखला दिला: बी फुटल्याशिवाय अंकुर येत नाही. काहींनी म्हटले की अनंताच्या प्रकाशातच कठोरतेचा अंश मिसळलेला होता आणि गाळ खाली बसावा तसा तो वेगळा व्हावा म्हणून पात्रे फुटली. आदामाला सगळ्या ठिणग्या एका सब्बाथपर्यंत उचलून देण्याची संधी होती, परंतु त्याच्या चुकीने काम उलट वाढले, कारण पुढच्या सर्व माणसांचे जीव त्याच्या जीवात सामावलेले होते आणि त्याच्या पडण्याबरोबर तेही ठिणग्यांसारखे विखुरले. तेव्हापासून एकेक जीव आपल्या वाट्याचे काम पुरे करण्यासाठी पुन्हा पुन्हा जन्म घेतो. पुनर्जन्माची ही कल्पना ज्यू धर्मात सर्वमान्य कधीच नव्हती. पण लुरियाच्या पंथात तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ आहे, आणि आपल्याकडच्या वाचकाला तो फारसा परका वाटणार नाही.

मग माणसाने करायचे काय? या कामाला दोन नावे आहेत. एक 'तिक्कुन', म्हणजे दुरुस्ती, डागडुजी. दुसरे 'बेरूर', म्हणजे निवडणे, आणि मला हे दुसरे नाव अधिक बोलके वाटते. तांदूळ ताटात पसरून खडे बाजूला करणारी बाई जे करते ते बेरूर. कब्बालाच्या मते माणूस जेव्हा भाकरीवर आशीर्वचन म्हणून ती खातो, तेव्हा त्या भाकरीतील ठिणगी तो वर धाडतो. जेव्हा तो सचोटीने वजन करतो, उपाशी माणसाला देतो, धर्माज्ञा पाळतो, तेव्हा त्या त्या वस्तूत अडकलेला उजेड मोकळा होतो. कृती नेहमीचीच असते, तिच्यामागे 'कव्वाना' म्हणजे एकाग्र हेतू असावा लागतो. म्हणून लुरियाच्या अनुयायांनी प्रत्येक कृतीपूर्वी 'पवित्र ईश्वर आणि त्याची शेखिना यांचे मीलन व्हावे म्हणून' असे म्हणण्याचा प्रघात पाडला. मध्यरात्री उठून जेरुसलेमच्या प्राचीन मंदिराच्या विध्वंसाबद्दल शोक करण्याची चालही याच मंडळींमुळे पसरली.

सब्बाथच्या दिवशी जी एकोणचाळीस प्रकारची कामे वर्ज्य आहेत त्यांत निवडण्याचेही काम येते. काही कुटुंबांत त्या दिवशी काटे काढलेल्या माशाचे गोळे करण्याची पद्धत पडली, त्याचे एक कारण म्हणजे ताटात काटा निवडावा लागू नये. कब्बालाने या नियमाला आपला अर्थ दिला. आठवड्याचे सहा दिवस ठिणग्या निवडण्याचे. सातव्या दिवशी निवडणे नाही, त्या दिवशी जग आपोआप थोडे वर उचलले जाते आणि माणसाने फक्त त्याचा आनंद घ्यायचा.

या सिद्धांताचा सर्वांत मोठा परिणाम देशोधडीच्या अनुभवावर झाला. तोपर्यंत परागंदा होणे म्हणजे शिक्षा होती. आता असे म्हणता येऊ लागले की ठिणग्या जगभर पडल्या आहेत, म्हणून त्या गोळा करणारेही जगभर जावे लागतात. जे गाव आपल्याला नकोसे झाले आहे तेथेही आपल्यावाचून न हलणारे काहीतरी पडलेले आहे. विसाव्या शतकात कब्बालाच्या अभ्यासाला शास्त्रीय पाया घालणारे गेर्शोम शोलेम यांनी यावरून असे प्रतिपादन केले की लुरियाची संपूर्ण कथा हे स्पेनमधून झालेल्या हकालपट्टीचेच विश्वाच्या पातळीवर नेलेले रूप आहे: ईश्वरच आधी स्वतःपासून निर्वासित झाला. ही मांडणी इतकी देखणी आहे की ती पुष्कळांनी मान्य केली. मोशे इदेल यांनी मात्र आक्षेप घेतला. लुरियाच्या शिकवणीत त्या घटनेचा उल्लेख शोधूनही सापडत नाही, त्याचे वडील स्पेनचे नव्हे तर अश्केनाझी, म्हणजे जर्मनी आणि आसपासच्या ज्यूंच्या, घराण्यातले होते, आणि त्याच्या कल्पनांची मुळे जुन्या ग्रंथांतच दाखवता येतात, असे त्यांचे म्हणणे. माझे मत इदेल यांच्या बाजूला झुकते. पण ही कथा कोणत्या जखमेतून आली हे सिद्ध झाले नाही तरी ती जखमी लोकांना उपयोगी पडली हे खरेच आहे, कारण शंभर वर्षांच्या आत ती पोलंडपासून येमेनपर्यंत पसरली.

या विचारात एक धोकाही होता आणि तो लवकरच उघड झाला. आजच्या तुर्कस्तानातील इझमीर येथे १६२६ मध्ये जन्मलेल्या शब्बताई त्स्वी याला १६६५ मध्ये गाझाच्या नाथान नावाच्या तरुण कब्बालपंडिताने मसीहा, म्हणजे ज्यूंचा अपेक्षित तारणहार, म्हणून जाहीर केले आणि अनेक देशांतील ज्यूंनी घरेदारे विकून निघण्याची तयारी केली. पुढच्याच वर्षी ऑटोमन सुलतानासमोर उभे केल्यावर त्याने इस्लाम स्वीकारला. नाथानने त्याचेही समर्थन केले: सर्वांत खोल गेलेल्या ठिणग्या सोडवायच्या तर मसीहाला करवंटीच्या आत शिरावेच लागते. एकदा एवढे मान्य केले की कोणतेही पाप ठिणगी सोडवण्याच्या नावाखाली खपते, आणि पुढील काही पंथांत ते खपलेही. याचीच प्रतिक्रिया म्हणून १७५६ मध्ये ब्रोडी येथील रब्बींनी तीस वर्षांखालील कोणी झोहर आणि चाळीस वर्षांखालील कोणी लुरियाच्या परंपरेतील ग्रंथ वाचू नयेत, असे बंधन घातले. चाळिशीच्या आत कब्बाला वाचू नये असे जे आजही ऐकू येते, त्यामागे ही होरपळ आहे.

ठिणग्यांची कल्पना विद्वानांच्या कोठडीतून बाहेर काढली ती अठराव्या शतकात, आजच्या युक्रेनमधील पोदोलिया प्रांतात उदयास आलेल्या हसीदी चळवळीने. १७६० मध्ये वारलेले तिचे प्रवर्तक बाल शेम तोव आणि त्यांचे शिष्य यांनी लुरियाची गुंतागुंतीची यंत्रणा बरीचशी बाजूला ठेवली आणि एक गोष्ट घट्ट धरली. माणसाची भांडीकुंडी, कपडे, अवजारे, जनावरे, ज्यांच्याशी व्यवहार होतो ती गिऱ्हाइके, यांत त्याच्याच जीवाच्या मुळाशी नाते असलेल्या ठिणग्या असतात. म्हणून वस्तूशी हयगयीने वागू नये. एखादा माल अमुकच व्यापाऱ्याच्या हाती का येतो, एखाद्या गाडीवानाला अमुकच गावी मुक्काम का पडतो, याचे उत्तर असे मिळू लागले की तेथली ठिणगी त्याची वाट पाहत होती. दिवसभर जत्रेत घोडे विकणाऱ्या, रात्री थकून झोपणाऱ्या आणि ग्रंथ उघडायला सवड नसलेल्या माणसाला यातून काय मिळाले असेल याची कल्पना करता येते. त्याचा वाया गेलेला दिवस वाया गेलेला राहिला नाही.

आज 'तिक्कुन ओलाम', म्हणजे जगाची दुरुस्ती, हा शब्द विशेषतः अमेरिकेतील ज्यू समाजात समाजकार्य आणि न्यायाची चळवळ या अर्थाने सर्रास वापरला जातो, आणि त्याचे श्रेय अनेकदा लुरियाला दिले जाते. ते पूर्ण बरोबर नाही. हा शब्दप्रयोग मिश्नामध्ये, म्हणजे तालमूदचा पाया असलेल्या जुन्या ज्यू नियमसंग्रहात, फार आधीपासून आहे, आणि तेथे त्याचा अर्थ समाजाची घडी नीट राहावी म्हणून केलेली कायदेशीर तजवीज असा आहे. उदाहरणार्थ, ओलीस ठेवलेल्या माणसाला सोडवण्यासाठी अवाच्या सवा खंडणी देऊ नये, नाहीतर ओलीस धरण्याचा धंदाच वाढेल. लुरियाचा तिक्कुन हा मुख्यतः वरच्या जगांचा आहे, आणि तो प्रार्थना व धर्माज्ञा यांतून होतो. आधुनिक माणसाने दोन्ही एकत्र केले यात मला वावगे वाटत नाही. भाषेत असे होतच असते. फक्त त्यात मूळ कल्पनेची एक धार बोथट होते. आजच्या वापरात जग सुधारणारा माणूस धडधाकट असतो आणि मोडके असते ते बाहेरचे जग. लुरियाच्या कथेत दुरुस्ती करणारा हाही एक खापराचाच तुकडा आहे.

आपल्याकडे या परंपरेचे पडसाद थोडे आणि वेगळ्या वाटेने उमटले. कोकणातील बेने इस्रायल हा ज्यू समाज तेल गाळण्याचा धंदा करी आणि शनिवारी घाणा बंद ठेवी, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. दिव्याशी त्यांचे नाते असे पोटापाण्याचे होते. त्यांच्या जुन्या सणांमध्ये हनुक्का हा दिव्यांचा सण नव्हता असे त्यांच्याच इतिहासकारांनी नोंदवले आहे, आणि कब्बालाची ग्रंथपरंपराही त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नव्हती. ती आली बगदादी ज्यूंबरोबर. १८८० च्या दशकात पुण्यात अब्राहम डेव्हिड एझेकिएल या बगदादी ज्यू गृहस्थाने झोहरमधील 'इद्रा झुता' या भागाचे हिब्रू लिपीतील अरबी भाषांतर छापले, आणि इतके गुप्त साहित्य बाजारात आणावे की नाही यावरून त्या समाजात वाद पेटला. हा भाग शिमोन बार योखाई यांच्या अखेरच्या दिवसाचा आहे. गुरू बोलत असताना लिहून घेणाऱ्या शिष्याला उजेडामुळे डोके वर करता येत नाही, आणि दिवसभर घराभोवतीची आग विझत नाही, असे त्यात वर्णन आहे. त्यांच्या स्मृतिदिनी मेरोनच्या डोंगरावर आजही मोठमोठ्या होळ्या पेटवल्या जातात.

हनुक्काचा उल्लेख आलाच आहे तर त्यातील एक जुना वाद सांगण्यासारखा आहे. शम्माय आणि हिल्लेल या दोन प्राचीन ज्यू आचार्यांपैकी शम्मायच्या पंथाचे म्हणणे होते की पहिल्या रात्री आठ दिवे लावावेत आणि रोज एकेक कमी करावा. हिल्लेलचा पंथ म्हणे की एकापासून सुरुवात करून रोज एकेक वाढवावा, कारण पवित्र गोष्टीत चढ असावा, उतार नसावा. हिल्लेलचे मत रूढ झाले. आठ रात्रींची बेरीज छत्तीस होते, आणि आदामाला तो पहिला प्रकाश मिळाला तोही छत्तीस तासच, असे जुनी कथा सांगते. म्हणून हे दिवे म्हणजे त्या दडवलेल्या प्रकाशाचेच कवडसे, असा अर्थ मध्ययुगीन जर्मनीतील गूढवादी पंडितांनी लावला. या दिव्यांच्या उजेडात वाचायचे नाही, पैसे मोजायचे नाहीत, कोणतेही काम करायचे नाही. त्यांच्याकडे केवळ पाहायचे. कामाच्या उजेडासाठी बाजूला एक वेगळा दिवा ठेवतात.

छत्तीस तासांची ती कथा अशी आहे. आदाम शुक्रवारी निर्माण झाला, आणि त्या दिवशीचे बारा तास, त्यानंतरची रात्र आणि सब्बाथचा दिवस असा तो प्रकाश अखंड राहिला. सब्बाथ संपला तसा तो दडवला गेला आणि जगात पहिल्यांदाच अंधार पडला. आदाम घाबरला. तेव्हा ईश्वराने त्याच्या हाती दोन दगड दिले. त्याने ते एकमेकांवर आपटले, ठिणगी उडाली, आग पेटली, आणि तिच्यावर त्याने आशीर्वचन म्हटले. म्हणून दर शनिवारी रात्री, तीन तारे दिसल्यावर, ज्यू घरांत अनेक वातींची पिळलेली मेणबत्ती लावतात आणि 'अग्नीचे दिवे निर्माण करणारा' असे ईश्वराला संबोधतात. येथेही शम्मायचा पंथ 'दिवा' असे एकवचन म्हणण्याच्या बाजूने होता आणि हिल्लेलचा पंथ अनेकवचनाच्या, कारण एकाच ज्वाळेत पुष्कळ उजेड असतात. मग प्रत्येकजण बोटे वाकवून ज्योतीजवळ धरतो आणि आपल्या नखांवर पडलेला उजेड पाहतो. आदामाचे सारे अंग आधी नखासारख्या झळाळत्या आवरणाने झाकलेले होते, आणि आता त्यातले बोटांच्या टोकांवर उरले तेवढेच उरले आहे, असे एक जुने पुस्तक सांगते. मेणबत्ती द्राक्षरसात बुडवून विझवतात, आणि त्या क्षणापासून ताटातले खडे निवडायला पुन्हा मुभा असते.